आईनं सोडलेला भात

मागच्या महिन्यात टेकडीच्या पायथ्याशी पोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती. पायांत चपला नव्हत्या. पहिल्या पायरीवर टेकले, मांडीवर पांढऱ्या कापडात बांधलेले शेरभर नवे तांदूळ ठेवले आणि खाली बघत राहिले. खाली तलाव, तलावाच्या काठानं गव्हाळ पडलेलं गवत, आणि त्याच्या पलीकडे कापणी झालेल्या बांध्या, बांध घालून पाडलेले धानाचे तुकडे. काही बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा अजून वाळत पडल्या होत्या. काहींत भाऱ्यांचे पुंजणे रचून झाले होते, आणि त्यांच्यावर साळुंक्या भांडत होत्या.

वास तोच होता. कापलेल्या धानाचा, उन्हानं तापलेल्या तनशीच्या पेंढ्याचा, बांधीच्या तळाशी अजून ओल धरून बसलेल्या काळ्या मातीचा. आमच्या भागात मार्गशीर्ष लागला की हवाच अशी होते. सिहोऱ्याचा बाजार असो, शाळा असो, एसटीचा थांबा असो, सगळीकडे हा वास असतो आणि लोकांना तो येतही नाही, इतका तो त्यांच्या अंगाचा असतो. मला येतो. धानाचा वास आला की मला आईचं ताट दिसतं, भात नसलेलं.

आमचा भंडारा जिल्हा तुटला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मामाचं गाव गोंदियात गेलं आणि आम्ही भंडाऱ्यातच राहिलो, म्हणून आई गमतीनं म्हणायची, 'माह्यं माहेर परजिल्ह्यात गेलं बाप्पा, आता चिठ्ठी लिवून जा लागन.' मी सात वर्षांची होते. त्या वर्षी पावसाळ्यात धानाच्या रोपांचे रोवणे आटोपता आटोपता मला ताप आला. ताप आठ दिवसांनी उतरला, पण उतरताना माझ्या पायांतला जोर घेऊन गेला. उभं केलं की मी कापडासारखी खाली यायची.

त्या दिवसांतलं मला फार थोडं आठवतं, आणि जे आठवतं ते सगळं खाटेवरून दिसलेलं, ऐकलेलं. छपरीत टाकलेली सुंभाची खाट. छताच्या बल्ल्यांना टांगलेलं बियाण्याचं गाठोडं. लसूण आणि ओवा घालून कढवलेल्या तेलाचा वास, कारण आई दिवसातून तीनदा माझे पाय चोळायची. दूरच्या धानगिरणीची टुकटुक. बाबा मला सायकलच्या कॅरिअरवर बांधून तुमसरच्या डॉक्टरकडे न्यायचे, आणि येताना मी त्यांच्या पाठीला गाल लावून झोपायची. डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरीची जात, आता कसं होईल. आई कोणालाच काही म्हणायची नाही.

मग एक दिवस ती सकाळीच अनवाणी टेकडीवर गेली. आमच्या गावापासून तीन कोस. तलावावरच्या त्या टेकडीवर देवीचं ठाणं आहे. दगडाची, शेंदरानं माखलेली, डोळे तेवढे चांदीचे. लोक तिथं कौल घेतात. देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवायची आणि मनातलं बोलायचं. उजवीकडचं फूल पडलं तर होकार.

संध्याकाळी आई परत आली. मी खाटेवरून तिला अंगणात शिरताना पाहिलं. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले, चेहरा मात्र असा की तिला कोणी भेटून गेलं आहे. पदराच्या गाठीतून तिनं एक सुकलेलं झेंडूचं फूल काढलं, माझ्या कपाळाला लावलं आणि बाबांना म्हणाली, 'उजवं देलं देवीनं. पोरगी चालते.'

'डॉक्टर बी तेच म्हणते,' बाबा म्हणाले. 'वेळ लागन म्हणते.'

'डॉक्टर औषध देईन. शब्द देवीनं देला.'

'अन् तू काय बोलून आली?'

आईनं मग सांगितलं. मला ते शब्द पाठ आहेत, कारण पुढे कितीतरी वर्षं ते मी ऐकले. 'म्हटलं, माय, माही पोरगी आपल्या पायानं चालत तुह्या टेकडीवर येईन, नवे तांदूळ आपल्या हातानं तुह्यापुढं ठेवीन, तवा मी भात खाईन. तवालोक भात माह्यासाठी नाही.'

बाबांनी छताला टांगलेल्या बियाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, 'धानाच्या घरात भात सोडला तुनं?'

'मंग काय सोडू? जे आवडते तेच सोडा लागते न.'

त्या रात्रीपासून तिनं भात सोडला.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांना यातलं ओझं कळणार नाही. आमच्याकडे जेवलास का, असं विचारायचं तर भात खाल्लास का, असंच विचारतात. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी भात. रोवण्याला बाया शेतात जाताना डब्यात भात, त्यावर चटणी आणि फोडलेला कांदा. आई त्यांच्यात बसून गव्हाची पोळी खायची. पावसाच्या झडीत ती पोळी ओली होऊन चामड्यासारखी व्हायची. तिनं तांदळाची कनकी सोडली, पोहे सोडले, मुरमुरे सोडले. लग्नाच्या पंगतीत वाढणारा भाताचं टोपलं घेऊन समोर आला की ती पत्रावळीवर हात आडवा धरायची. नवा वाढणारा असला तर हट्ट करायचा, आणि मग पंगतीतल्या चार बाया एकदम सांगायच्या, 'तिले नोको वाढू, तिचं देवीसंग ठरलं आहे.'

ठरलं आहे. हाच शब्द असायचा. नवस बोलली, असं गावात कोणी म्हणत नव्हतं. जमिनीचा सौदा ठरावा, सोयरीक ठरावी, तसं तिचं आणि देवीचं ठरलं होतं. तिनंही ते तसंच धरलं. मी अजून खाटेवरच होते, पाय लाकडासारखे पडलेले, आणि ती मला नाहू घालताना सांगायची, 'शाळेत जाशीन तवा रस्त्याच्या कडेनं चालत जाजो.' जाशील का, असं तिनं एकदाही म्हटलं नाही. शेजारची एक काकू एकदा तिला म्हणाली, 'अगं बाई, देवीनं नाही आयकलं तं?' आई पाय चोळत होती, तिनं वरही पाहिलं नाही. म्हणाली, 'आयकलं न तिनं. आता करून राहिली.'

फाल्गुनात मी उभी राहिले. खाटेच्या माचव्याला धरून आधी, मग भिंतीला धरून, मग कशालाच न धरता. छपरीतून अंगणात, अंगणातून बाहेर निंबाखाली. बाबा ओरडले, शेजारपाजारचे धावून आले. आई चुलीपुढे होती. ती उठली नाही. हातातलं लाटणं तसंच ठेवून तिनं टेकडीच्या दिशेला हात जोडले. तिला नवल वाटलं नव्हतं. उधार दिलेलं भांडं शेजारीण परत घेऊन यावी, तसं तिनं ते घेतलं.

देवीनं तिचं केलं. आईनं आईचं. राहिले मी.

त्या वर्षी पाय कच्चे होते म्हणून मला नेलं नाही. पुढच्या वर्षी, मी नऊ वर्षांची असताना, आम्ही तिघं निघालो. चिन्नोर हा वासाचा धान आमच्या एकाच बांधीत व्हायचा. त्याचे तांदूळ घरात आले की पलीकडच्या आळीपर्यंत कळायचं. आईनं ते शेरभर मोजून पांढऱ्या कापडात बांधले आणि माझ्या डोक्यावर ठेवले. मी कोसभर चालले. मग वाटेतल्या कालव्याच्या, आमच्या नहराच्या पुलावर बसले आणि रडायला लागले. बाबांनी मला उचललं, खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, 'चाल, मी नेतो. देवी काय मोजून पाहते का?' आई तिथंच थांबली. म्हणाली, 'घरी चला. तिच्या पायानं म्हटलं होतं मी.' आम्ही परत आलो. तिनं मला रागावलं नाही. घरी येऊन ते गाठोडं छताच्या बल्लीला टांगलं.

त्यानंतर ते गाठोडं दर वर्षी टांगलं जायचं. नवे तांदूळ आले की पहिला शेर कापडात. वर्षभर ते तिथं लटकून असायचं. पुढचं पीक आलं की आई जुनं खाली काढायची, दारी येणाऱ्याला देऊन टाकायची आणि नवं बांधायची. आमच्या घराच्या छपरीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर माझं न केलेलं काम लटकत असायचं.

मी तुमसरला शिकायला गेले, मुलींच्या वसतिगृहात राहायला लागले. तिथं कोणाला माझ्या पायांचं माहीत नव्हतं. थकले की डावा पाय जरा ओढते, एवढंच. तेही मी लपवायला शिकले होते. त्या वयात मला एकाच गोष्टीची भीती होती. डोक्यावर गाठोडं घेऊन अनवाणी मी रस्त्यानं चालले आहे आणि वर्गातली एखादी मुलगी एसटीच्या खिडकीतून मला पाहते आहे. म्हणून मी म्हणायची, आई, पुढच्या वर्षी. परीक्षा झाल्यावर. बारावी झाल्यावर. आई म्हणायची, 'बरं. तुह्या मनानं आली पायजे तू. ओढून आणली तं ते माह्यं चालणं होईन, तुह्यं नाही.' इतकं सोपं होतं. ती मला वेळ देत गेली, आणि मी तो घेत गेले, जशी तिच्या हातची पोळी घ्यायची तसा, विचार न करता.

मध्ये बाबा गेले. त्यांच्या तेराव्याला सगळं गाव भात जेवलं. आई चुलीमागे बसून पोळी खात होती. मी ते पाहिलं, आणि त्याच वर्षी जायचं असं ठरवलं. गेले नाही.

मग नागपूर. एका शाळेत नोकरी लागली, एका मैत्रिणीसोबत खोली घेतली. पंचविशी गाठली तेव्हा माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. त्या मार्गशीर्षात दोन दिवसांच्या सुट्टीवर गावी आले आणि मी स्वतःहून म्हणाले, 'आई, उद्या जातो टेकडीवर.'

आईचा हात भाकरीवरच थांबला. पीठ लागलेली बोटं तिनं माझ्या गालाला लावली. 'मी येऊ का संगं?'

'नोको. मी एकटी जातो. तिकडूनच तुमसरले जाईन, तिथून नागपूरची बस पकडीन. परवा सकाळी शाळा आहे.'

'बरं होईन,' ती म्हणाली. 'एकटीच जाय. मी घरी वाट पाहतो.'

सकाळी तिनं मला न्हाऊ घातलं. मोठी झाल्यापासून पहिल्यांदाच. गाठोडं खाली काढलं, झटकलं, माझ्या हातात दिलं. मी चपला पिशवीत टाकल्या आणि निघाले. ती अंगणाच्या कोपऱ्यावर उभी होती. वळणावर मी मागे पाहिलं तेव्हाही उभी होती.

नहराच्या पुलापर्यंत मी चालले. तिथं एक जीप मागून आली आणि आपणच थांबली. मी हात केला नव्हता. ड्रायव्हरनं विचारलं, 'तुमसर?' आणि मी बसले. का बसले, याची कारणं होती. निघायला उशीर झाला होता, संध्याकाळी नागपुरात कोणी भेटायला येणार होतं, पाय दुखत होता. ती कारणं मी पुष्कळदा स्वतःला सांगितली आहेत, आणि दर वेळी ती आधीपेक्षा मोठी होतात. म्हणून आता सांगत नाही. मी बसले, एवढंच खरं आहे. डाव्या हाताला टेकडी लागली. तलावाच्या पाण्यात ती उलटी पडली होती. मी मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि जीप पुढे गेली.

संध्याकाळी नागपुरातून मी फोन केला. वाटेत मी म्हणायचं ठरवलं होतं की जमलं नाही, पाय दुखला. फोन आईनं उचलला आणि काही बोलायच्या आत म्हणाली, 'पोचली का वरतं?' त्या आवाजात अठरा वर्षं होती. मी म्हणाले, 'हो आई. चढवले.'

मग ती हळूच म्हणाली, 'फूल पडलं?'

मी म्हणाले, 'हो. उजवं.'

दुसऱ्या दिवशी गावी आईजवळ राहणाऱ्या माझ्या भावानं फोनवर सांगितलं. तिनं त्याच संध्याकाळी चिन्नोरचे तांदूळ धुतले. शेजारच्या बायांना बोलावलं. पानात फक्त भात आणि मीठ घेतलं, वरण नको म्हणाली. पहिला घास तोंडात धरून बराच वेळ बसून राहिली. मग फोनवर ती स्वतः मला म्हणाली, 'मले वाटलं होतं, तोंड भाताले वळखणार नाही. पण वळखलं पोरी.'

गाठोडं माझ्या खोलीत होतं. दोन दिवस ते खिडकीत ठेवलं होतं. टाकायचा धीर झाला नाही, कोणाला द्यायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी घरात दुसरं काही नव्हतं, मैत्रीण म्हणाली, हे तांदूळ घेऊ का, आणि मी हो म्हणाले. चिन्नोर शिजायला लागला तसा खोलीत, जिन्यात, खालच्या मजल्यावर वास भरला. मैत्रीण म्हणाली, 'अगं, हे काय आहे! असा भात मी जन्मात खाल्ला नाही.' मीही खाल्ला. तूप घालून, दोनदा वाढून घेऊन खाल्ला. भूक लागली होती आणि भात चांगला झाला होता. हे मला नंतर कोणाला सांगता आलं नाही. न गेल्याचं एखाद्याला सांगताही येईल. चांगला लागला, हे कसं सांगणार?

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मग वर्षं गेली. दिवाळीला दोन दिवस, कधी अक्षय्य तृतीयेला एक दिवस, अशी मी गावी जायची. आई सगळ्यांना वाढायची आणि स्वतः नंतर वहिनीबरोबर बसायची. मी पाहिलं नाही, असं म्हणते. पण पाहायचं टाळलंही असेल. भात खाताना ती मला दिसू नये, असंच मला वाटायचं.

यंदाच्या दिवाळीत चुलीपाशी वहिनी भाताचं गंज उतरवत होती. पहिल्यांदाच आई माझ्याबरोबर जेवायला बसली होती, कारण मी हात धरून बसवलं होतं. मी म्हणाले, 'वहिनी, आईले वाढ न भात.'

वहिनीचा हात थांबला. तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, 'मले भूक नाही,' आणि उठून बाहेर गेली.

वहिनी मग हळू आवाजात बोलली. 'ताई, तुमाले मालूम नाही का खरंच? आई भात खात नाहीत. सात वर्सं झाले.'

तिनं सांगितलं तसं सांगते. माझ्या त्या फोननंतर आईनं चार महिने भात खाल्ला. मग चैत्रात ती देवीला हळदकुंकू वाहायला, उपकार मानायला टेकडीवर गेली. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं तिला पाहताच विचारलं, 'काहो बाई, यंदाही नाही आली का पोरगी?' तिनं हळदकुंकू वाहिलं आणि परत आली. घरी येऊन गंजात होता तो भात गाईला घातला. त्या दिवसापासून परत पोळी. आणि त्या वर्षी पीक आलं तसं पुन्हा पहिल्या शेराचं गाठोडं बल्लीला.

'मी म्हटलं होतं,' वहिनी म्हणाली, 'ताईले फोन करतो. तं माह्यावर किती खवळल्या. म्हणाल्या, खबरदार. ते म्हणाली न जातो म्हणून, तं जाईन. माह्या पोरीचं मी पाहून घेईन.'

मी छपरीत आले आणि वर पाहिलं. गाठोडं तिथंच होतं. सहा दिवाळ्या मी त्याच्याखाली बसून फराळ केला होता.

चिन्नोर घरात यायला अजून महिना होता. मी नागपूरला गेले आणि महिन्यानं रजा काढून परत आले. पहाटे आई अंगणात सडा टाकत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि जे सात वर्षं बोलायचं होतं ते एका दमात बोलले. 'आई, तवा मी गेलीच नव्हती. पुलावरून जीपमध्ये बसली.'

'मालूम आहे,' ती म्हणाली. सडा टाकत राहिली.

'मंग काहून नाही बोलली मले?'

'काय बोलू? देवीचं अन् माह्यं ठरलं. तू खोटं बोलली म्हणून देवी खोटी होते का? तिनं तुले चालवलं. मले माह्यं कराचं होतं, मी करून राहिली.' मग ती थांबली. बादली खाली ठेवली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग आला, आणि तो मोठा नव्हता म्हणून जास्त लागला. 'माह्यासंग खोटं बोलली, ते चालते. लेकरं बोलते. पण फूल पडलं म्हणून सांगतलं तू. उजवं पडलं म्हणली. तिच्या नावानं नव्हतं बोलाचं पोरी.'

मी खाली बसले. मातीत, सड्याच्या ओलीत. म्हणाले, 'ते तांदूळ बी मीच खाल्ले.'

तिनं ओले हात पदराला पुसले. मग तिनं विचारलं, 'चांगले झाले होते?'

तिनं माझा दंड धरून मला उठवलं, नवे तांदूळ मोजले, कापडात बांधले आणि माझ्या हातात दिले.

तीन कोस मी चालले. पुलावर थांबले नाही. ओळखीचे दोघं मोटारसायकलवर भेटले, बसा म्हणाले, मी नाही म्हटलं. शेवटच्या कोसाला डावा पाय ओढायला लागला, आणि तो ओढत असताना मी तो लपवला नाही. टेकडीच्या पायथ्याशी थोडी बसले, मग पायऱ्या चढले. तो म्हातारा पुजारी आता नव्हता. त्याच्या जागी त्याचा मुलगा होता, त्याला आमची गोष्ट माहीत नव्हती. मी कापड सोडलं आणि देवीपुढे तांदूळ ओतले. त्यानं विचारलं, 'कौल घ्याचा का?' मी नको म्हटलं. तिच्या चांदीच्या डोळ्यांकडे मला पाहवलं नाही. अठरा आणि सात, इतक्या वर्षांचं काय मागू आणि कशाची माफी मागू, हे सुचलं नाही. खाली वाकले आणि तशीच उतरले.

भाऊ गाडी घेऊन आला होता. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईनं चूल पेटवून ठेवली होती आणि गंजात आधण उकळत होतं. तांदूळ धुऊन ताटात ठेवले होते. मी येईपर्यंत तिनं ते टाकले नव्हते. मला पाहिल्यावर टाकले.

भात झाला. मी पानात वाढला, बाजूला मीठ. ती जेवायला बसली आणि मला एकदम जाणवलं की तिनं मला काहीही विचारलेलं नाही. पोचली का, चढवले का, कोण होतं तिथं, काही नाही. माझे पाय मी तिच्यासमोर पसरले होते, तळव्यांना फोड आले होते, ते तिला दिसावेत असं मला वाटत होतं. तिनं पाहिलं नाही. शेवटी मीच म्हणाले, 'आई, फूल नाही मागतलं मी.'

'कायले मागाचं?' ती म्हणाली. 'एकदा देलं न तिनं.'

आणि तिनं घास घेतला. माझ्या खोट्या फोनवर ज्या भरवशानं घेतला असेल, त्याच भरवशानं. तेव्हाचं खोटं तिनं जसं मानलं होतं, तसंच आजचं खरं मानलं. तिनं एकदा तरी विचारावं, खरंच गेली होती का, म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. विचारलं असतं तर मी शपथ घेऊन सांगितलं असतं, फोड दाखवले असते, भावाला साक्षीला बोलावलं असतं. तिला साक्षीची गरज नव्हती. ती मलाच होती.

'तू बी बस,' ती म्हणाली. 'दिवसभर उपाशी आहे.'

मी बसले. तिनं माझ्या पानात भात वाढला. माझा घास तोंडातच फिरत राहिला. ती मात्र सावकाश जेवत होती, पानाच्या कडेला गेलेलं एकेक शीत बोटानं उचलून.